चर्चगेटला फलाट चारच का? स्टेशनची रचना आणि इतिहास

नकाशावेडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांसाठी मुंबईतल्या रेल्वे स्थानकांचे मोठे, हाताने काढलेले तक्ते करायचं काम चालू आहे. सीएसएमटीचा तक्ता झाला. तिथे १८ फलाट, त्यातले १ ते ७ लोकलचे, त्यातही पहिले दोन हार्बरचे, बाकीचे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. दिसायला भरगच्च, पण समजायला सोपा.

आता चर्चगेट. फलाट फक्त चार, आणि गर्दी तर डोळ्यांसमोर आहेच. तक्त्यावर नुसत्या चार रेघा ओढून भागणार नाही, मुलं ‘असं का?’ विचारणारच. म्हणून माझे प्रश्न:

एवढ्या मोठ्या शहराच्या शेवटच्या स्टेशनला चारच फलाट का? पूर्वी गाडी कुलाब्यापर्यंत जायची असं ऐकलं आहे. ते स्टेशन नेमकं कुठे होतं आणि बंद का केलं? आलेली गाडी तीन-चार मिनिटांत परत कशी फिरते? आणि एक गाडी खोळंबली की मागच्या गाड्या मरीन लाइन्सच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहतात, त्याचं तांत्रिक कारण काय?

शेवटचं म्हणजे, समोर घुमटांची जी दगडी इमारत आहे ती जुन्या स्टेशनची का?

ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहावं ही विनंती. तक्त्यावर चूक गेली की ती पुढची दहा वर्षं भिंतीवर राहते.

---

जुनीमुंबई

सगळ्यात आधी एक गोष्ट तक्त्याच्या डोक्यावरच लिहा: चर्चगेट हे शेवटचं स्टेशन म्हणून बांधलेलंच नाही. ते मधलं स्टेशन होतं. पुढचा रस्ता तोडला म्हणून ते शेवटचं झालं. हे एकदा लक्षात घेतलं की तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

क्रम असा आहे. बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी १८५५ ची. तिचं काम सुरू झालं गुजरातेत, सुरतेच्या बाजूला, आणि रूळ तिथून दक्षिणेकडे मुंबईला आले. जीआयपी या दुसऱ्या कंपनीने (आजची मध्य रेल्वे) बोरीबंदरपासून (आजचं सीएसएमटी) सुरुवात करून बाहेर जायचं ठरवलं, याच्या बरोबर उलट. २८ नोव्हेंबर १८६४ ला गाडी ग्रँट रोडला पोचली आणि काही काळ तेच मुंबईतलं शेवटचं ठाणं होतं. नकाशावर पाहिलंत तर पटेल, कारण ग्रँट रोडच्या पुढे रूळ टाकायचे तर समुद्राच्या अगदी कडेने टाकावे लागणार होते.

ती कडेची जागा मिळाली एका बुडालेल्या योजनेतून. १८६० च्या दशकात कापसाच्या तेजीत बॅकबे, म्हणजे शहराच्या पश्चिमेचा उथळ समुद्र, भरून काढायला एक कंपनी निघाली होती. १८६५ मध्ये तेजी कोसळली, कंपनी बुडाली, आणि भराव घातलेली चिंचोळी पट्टी रेल्वेच्या कामी आली. १२ एप्रिल १८६७ ला विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी धावली. दिवसाला एक जाणारी, एक येणारी. चर्चगेट स्टेशन उघडलं १८७० मध्ये आणि रूळ पुढे कुलाब्याला गेले. कुलाब्याचं मोठं टर्मिनस १८९६ चं. लांब पल्ल्याच्या गाड्या, त्यांची इंजिनं, सामान, मालधक्का हा सगळा पसारा कुलाब्याला. चर्चगेटला गाडी थांबायची आणि पुढे निघायची.

म्हणून तक्त्यावर चर्चगेटची ही चिंचोळी आकृती काढताना तिच्या दोन्ही बाजू दाखवा. पूर्वेला महर्षी कर्वे रोड (जुना क्वीन्स रोड), आणि पश्चिमेला तेव्हा समुद्र. आज तिथे कॉलेजं, क्रिकेटची मैदानं, मरीन ड्राइव्ह आहे, पण ती सगळी नंतर भर घातलेली जमीन. मधल्या थांब्याला जेवढी रुंदी पुरते तेवढीच रुंदी या स्टेशनला मिळाली. सीएसएमटी पहिल्यापासून शेवटचं ठाणं म्हणून आखलं गेलं आणि १९२० च्या दशकाअखेर पूर्वेकडे वाढवताही आलं. चर्चगेटला वाढायला बाजूच नव्हती.

कुलाबा का बंद झालं? १९२० च्या दशकात सरकारने बॅकबेच्या भरावाचं काम पुन्हा हाती घेतलं. नव्या जमिनीच्या ऐन मधोमध रेल्वेचे रूळ आडवे येत होते. तेव्हा चर्चगेटच्या दक्षिणेची जमीन सोडायची आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी उत्तरेला नवं टर्मिनस बांधायचं ठरलं. ते म्हणजे बॉम्बे सेंट्रल. वास्तुविशारद क्लॉड बॅटली, बांधकाम २१ महिन्यांत, उद्घाटन १८ डिसेंबर १९३०. त्यानंतर दोनच आठवड्यांत, ३१ डिसेंबर १९३० ला, कुलाब्याची शेवटची गाडी गेली. १९३१ उजाडलं ते चर्चगेट शेवटचं स्टेशन होऊनच.

कुलाबा टर्मिनसच्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आहे. तुमच्या तक्त्यात चर्चगेटपासून दक्षिणेला तुटक रेघ ओढून तिथवर नेता येईल. अंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटर. आणि त्याच रेघेशेजारी दुसऱ्या रंगाने आताची भुयारी मेट्रो ३ दाखवा: चर्चगेट, विधान भवन, कफ परेड. हा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. चर्चगेटच्या दक्षिणेला पुन्हा रूळ यायला जवळपास ९५ वर्षं लागली, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

आता एक मुद्दा, जो बहुतेक लेखांत राहून जातो. कुलाबा तोडल्यावर चर्चगेटचं चार रुळांवर भागलं कसं? कारण ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेच्या लोकल सुरू झाल्या होत्या. वाफेच्या गाडीला शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडवायला वेगळा रूळ, पाण्याचा नळ, इंजिन फिरवायला टर्नटेबल असं बरंच काही लागतं. विजेच्या लोकलला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन, त्यामुळे गाडी आहे तिथूनच उलटी निघते. तोडायचा निर्णय आणि विजेची गाडी एकाच सुमारास आल्या नसत्या, तर एवढ्याशा जागेत शेवटचं स्टेशन चाललंच नसतं.

---

सांधेवाला

जुनीमुंबई यांनी इतिहास छान मांडला आहे. मी गाडी फिरवण्याचं आणि खोळंब्याचं बघतो, कारण त्यासाठी रुळांची रचना नीट काढावी लागते.

आधी दिशा. पश्चिम रेल्वेवर मुंबई सेंट्रलपासून चर्चगेटपर्यंत चारच मार्ग आहेत. पश्चिमेकडून पूर्वेकडे: डाऊन स्लो, अप स्लो, डाऊन फास्ट, अप फास्ट. अप म्हणजे चर्चगेटकडे येणारा, डाऊन म्हणजे विरारकडे जाणारा. आपल्याकडे गाड्या डावीकडून धावतात, म्हणून प्रत्येक जोडीत डाऊन पश्चिमेला. फलाटांचे आकडेही पश्चिमेकडून सुरू होतात. ठोकळमानाने १ आणि २ स्लोचे, ३ आणि ४ फास्टचे. हा कायमचा नियम समजू नका. दोन्ही जोड्यांमध्ये आपसात जायला सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे जोड) आहेत आणि गरज पडली की अदलाबदल होते. प्रवाशाने इंडिकेटर बघावा, सवयीवर जाऊ नये.

आता खरी गोम. फलाट १ हा डाऊन स्लोच्या सरळ रेषेत येतो आणि फलाट २ अप स्लोच्या. स्टेशनच्या तोंडाशी दोन्ही रूळ इंग्रजी एक्स अक्षरासारखे एकमेकांना छेदतात. याला सिझर्स क्रॉसओव्हर म्हणतात, बोलताना कात्री. तक्त्यावर ही कात्री मोठी काढा, सगळा खेळ तिथेच आहे.

चार हालचाली होऊ शकतात. २ वर गाडी येणं: सरळ, कात्री लागत नाही. १ वरून गाडी जाणं: हेही सरळ. १ वर गाडी येणं: अप मार्गावरून कात्रीतून तिरकं पश्चिमेला. २ वरून गाडी जाणं: कात्रीतून तिरकं डाऊन मार्गावर.

यातल्या पहिल्या दोन एकाच वेळी होतात. २ वर एक गाडी शिरत असताना १ वरून दुसरी निघू शकते. पण शेवटच्या दोन एकमेकींना मध्यावर छेदतात. १ वर गाडी यायची असेल तर २ ची गाडी थांबणार, २ ची निघायची असेल तर येणारी बाहेर थांबणार. म्हणजे दर दोन गाड्यांच्या फेऱ्यात कात्रीचा परिसर तीनदा वापरला जातो: एकदा जोडीने, दोनदा एकेकट्याने.

वेळेचा हिशेब मांडू. लोकलचा एक डबा जोडणीसकट साधारण २१.३ मीटर. १२ डब्यांची गाडी २५५ मीटरच्या आसपास, १५ डब्यांची ३२० मीटर. तिरक्या सांध्यावरचा वेग सांध्याच्या कोनावर ठरतो. १ इन १२ चा (१२ मीटर पुढे जाताना १ मीटर बाजूला) सांधा असेल तर ताशी ३० किलोमीटर, १ इन साडेआठचा असेल तर साधारण १५. ताशी ३० म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. नुसती गाडीची लांबी सांध्यावरून जायला १२ डब्यांना ३१ सेकंद, १५ डब्यांना ३८ सेकंद. वेग १५ वर आणला तर दोन्ही आकडे दुप्पट. त्यात सांध्याच्या परिसराची लांबी, मार्ग लावायला लागणारे काही सेकंद, सिग्नल दिसून गाडी हलायला लागणारा वेळ. एकेका वापराला मिनिट ते दीड मिनिट धरा. तीन वापर म्हणजे साडेचार मिनिटांपर्यंत. गर्दीच्या वेळी एका जोडीवर साडेतीन मिनिटांना एक गाडी धरली तर दोन गाड्यांना सात मिनिटं मिळतात. उरली अडीच मिनिटं. ही सगळी शिल्लक. २ वरची गाडी अडीच मिनिटं उशिरा निघाली की शिल्लक संपली. १ वर येणारी गाडी होम सिग्नलच्या (स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलच्या) बाहेर उभी, तिच्या मागची मरीन लाइन्सला, तिच्या मागची चर्नी रोडला. तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर हे.

गाडी फिरवण्यात नेमकं काय होतं, तेही क्रमाने लिहितो. गाडी आत शिरते तेव्हा मोटरमन दक्षिण टोकाला, बफरकडे (रूळ संपतो तिथल्या अडसराकडे). गार्ड (आता पदनाम ट्रेन मॅनेजर) उत्तर टोकाला. परत जाताना ही टोकं उलटतात. १२ डब्यांची लांबी गर्दीतून चालायची तर तीन-चार मिनिटं जातात, म्हणून परतीच्या गाडीचा मोटरमन आधीच उत्तर टोकाला येऊन उभा असतो. आलेल्या मोटरमनने आपली केबिन बंद केली की नवा मोटरमन आपली सुरू करतो, ब्रेकचा दाब बघतो, पुढचा-मागचा दिवा आणि गंतव्याची पाटी बदलते. स्टार्टर सिग्नलने निघायची परवानगी दिली की गार्ड दोन घंटा देतो, मोटरमन दोन घंटा परत देतो, आणि गाडी हलते. घंटा एकच वाजली तर अर्थ ‘थांबा’. मुलांना हे दोन संकेत लक्षात राहतील. गाडी सुटायच्या क्षणी पहिल्या किंवा शेवटच्या डब्यात केबिनला लागून उभं राहिलं तर स्पष्ट ऐकू येतात.

बिघाड कुठे होतो? सगळ्यात त्रासदायक म्हणजे सांधा ‘न लागणं’. सांध्यात सरकणारा जो निमुळता रूळ असतो (टंग रेल), तो बाजूच्या रुळाला घट्ट चिकटला पाहिजे. मध्ये ५ मिलिमीटर जाडीची वस्तू अडकली तरी यंत्रणेने सांधा लागल्याचं मान्य करता कामा नये, अशी चाचणीच घेतली जाते. खडीचा तुकडा, बाटलीचं झाकण, प्लॅस्टिकची गुंडाळी, काहीही पुरतं. सांधा लागल्याचा संकेत मिळाला नाही की सिग्नल लालच राहतो. ती यंत्रणेची चूक नव्हे, तिचं कामच ते. पण प्रवाशाला दिसतो तो लाल दिवा.

आणि कात्री बिघडली की सरळ रूळ शाबूत असूनही फायदा नसतो. २ वर आलेली गाडी परत जाणार कशी? तिला कात्री लागतेच. मधल्या स्टेशनात असा बिघाड झाला तर सरळ गाड्या चालू राहतात. शेवटच्या स्टेशनात दोन गाड्या आत येतात आणि जोडी ठप्प होते. अशा वेळी काही गाड्या मुंबई सेंट्रल, दादर किंवा वांद्र्यालाच संपवून तिथून परत फिरवतात. म्हणून उद्घोषणेत ‘ही गाडी दादरपर्यंतच जाईल’ ऐकलं की मूळ दुखणं दहा किलोमीटर दक्षिणेला असू शकतं.

अजून एक. बफरचा शेवट. आत येताना होम सिग्नल हिरवा नसतो, पिवळा असतो, कारण पुढे रूळच संपतो आणि बफरवर लाल दिवा आहे. वेग उतरवत आणत शेवटचे काही मीटर सरपटत यायचं. २८ जून २०१५ ला ३ नंबरवर गाडी बफर ओलांडून फलाटावर चढली होती, त्यामुळे या शेवटच्या मीटरांना किती जपावं लागतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. अशी काळजी घेतली की आत यायला जास्त सेकंद लागतात, आणि ते बरोबरच आहे. दहा सेकंद वाचवण्यासारखी ती जागा नाही.

---

नकाशावेडी

किती नेमकं लिहिलंत! कात्रीचं चित्र डोळ्यांसमोर आलं. दोन शंका. फलाट वाढवून १५ डब्यांची गाडी आणली तेव्हा वाढवला कुठल्या दिशेला? आणि घुमटांच्या इमारतीचं राहिलं.

---

सांधेवाला

उत्तरेला. दक्षिणेला मोकळा हॉल, तिकीट खिडक्या आणि वर कचेऱ्यांची उंच इमारत आहे, तिकडे सरकायला जागा नाही. फलाट उत्तरेकडे वाढला की कात्रीही उत्तरेकडे ढकलावी लागते, आणि मरीन लाइन्स तर १.३ किलोमीटरवर. त्यामुळे फलाट लांबवणं म्हणजे नुसतं काँक्रीट ओतणं नाही. सांधे, सिग्नल, ओव्हरहेड वायरचे खांब, सगळं हलतं.

डब्यांची वाढ नेहमी तीनच्या पटीत का, हेही मुलांना विचारायला सांगा. लोकलचं एक युनिट तीन डब्यांचं असायचं: मध्ये मोटर असलेला डबा, दोन्हीकडे बिनमोटरचे. तीन युनिटं ९, चार १२, पाच १५. पश्चिम रेल्वेवर १५ डब्यांची गाडी नोव्हेंबर २००९ मध्ये आली, ती फास्ट मार्गावर. स्लोवर अंधेरी-विरारदरम्यान २०२१ मध्ये. अंधेरीच्या दक्षिणेला स्लो मार्गावर मधल्या प्रत्येक स्टेशनाचा फलाट तेवढा लांब हवा, आणि चर्नी रोड, ग्रँट रोड भागात दोन्हीकडे रस्ते आणि पूल इतके चिकटलेले आहेत की ते काम सोपं नाही.

विजेचाही फरक पडला. १९२८ पासूनची १५०० व्होल्ट डीसी यंत्रणा बदलून २५ हजार व्होल्ट एसी करण्याचं पश्चिम रेल्वेचं काम फेब्रुवारी २०१२ मध्ये पूर्ण झालं. तेवढ्याच शक्तीला तारेतून वाहणारा प्रवाह खूप कमी लागतो, म्हणून लांब गाड्या एकापाठोपाठ एक सुटताना पुरवठा कोलमडत नाही. जवळजवळ उभ्या असलेल्या चार गाड्या एकाच वेळी वेग घेतायत, हे दृश्य चर्चगेटच्या बाहेर रोजचं.

---

गिरगावची_चाळ

घुमटांबद्दल मी सांगते, कारण ही चूक छापील पुस्तकांतसुद्धा दिसते. ती इमारत स्टेशनची कधीच नव्हती. ते बीबीसीआय रेल्वेचं मुख्य कार्यालय, आता पश्चिम रेल्वेचं मुख्यालय. स्टेशनच्या पूर्वेला, महर्षी कर्वे रोडपलीकडे. रचना फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची, ज्यांनी व्हिक्टोरिया टर्मिनस आणि महापालिकेची इमारतही केली. काम १८९९ मध्ये पुरं झालं. काळसर निळ्या बसाल्टमध्ये पांढरट दगडाचे पट्टे आहेत, ते सकाळी दहाच्या आधी ऊन पूर्वेकडून असताना मागच्या बाजूने बघावेत. स्टेशनच्या बाजूचा दर्शनी भाग दुपारनंतर उजळतो. मुलांना स्केच करायला नेणार असाल तर वेळ त्याप्रमाणे ठरवा. आताची स्टेशनची उंच इमारत मात्र १९५० च्या दशकातली.

नावाबद्दल पण एक ओळ घाला. ‘चर्चगेट’ म्हणजे मुंबईच्या किल्ल्याचा एक दरवाजा, सेंट थॉमस चर्चच्या दिशेचा. ते चर्च १७१८ चं, अजून उभं आहे. दरवाजा होता आजच्या फ्लोरा फाउंटनजवळ. किल्ल्याचे तट १८६० च्या दशकात पाडले आणि दरवाजाही गेला. म्हणजे १८७० ला स्टेशनला नाव दिलं तेव्हा ज्याच्यावरून दिलं तो दरवाजा आधीच नाहीसा झाला होता. वीर नरिमन रोडचं जुनं नाव चर्चगेट स्ट्रीट, ते याच दरवाजातून बाहेर पडणाऱ्या रस्त्याचं. पुढच्या दोन स्टेशनांचीही नावं जागेवरूनच आली आहेत. मरीन लाइन्स हे मरीन बटालियनच्या लष्करी वस्तीवरून, आणि चर्नी रोड हे गुरं चरायला नेत त्या ‘चरणी’वरून.

आता बाहेर पडायच्या वाटा, कारण तक्त्यात रूळ असतील आणि माणसं कुठून जातात हे नसेल तर तो अर्धाच. शेवटच्या स्टेशनाची मोठी सोय अशी की दक्षिण टोकाला चारही फलाट एकाच सपाट हॉलला मिळतात. जिना चढायला लागत नाही. १ वरून ४ वर जायचं तर हॉलमधून वळसा, बस. चाकाची खुर्ची, बाळाची गाडी, मोठी बॅग घेऊन येणाऱ्याला मुंबईत इतकं सोपं स्टेशन क्वचित मिळतं. हॉलच्या पूर्वेला मुख्यालय आणि क्रॉस मैदानाची बाजू. दक्षिणेला भुयारी मार्ग, जो वीर नरिमन रोडखालून इरॉस सिनेमाच्या आणि एशियाटिक दुकानाच्या बाजूला निघतो. पश्चिमेला कॉलेजं आणि ब्रेबॉर्न स्टेडियम. वानखेडे रुळांना लागून पण उत्तरेला आहे, मरीन लाइन्सच्या वाटेवर. सामन्याच्या दिवशी दक्षिणेच्या हॉलमधून वळसा घालण्यापेक्षा फलाटाच्या उत्तर टोकाकडून बाहेर पडणं सोयीचं.

सकाळी साडेअकराच्या सुमारास पूर्वेच्या दाराबाहेर डबेवाल्यांची मांडणी बघण्यासारखी असते. सामानाच्या डब्यातून उतरवलेले लांब लाकडी खोके फुटपाथवर ठेवतात आणि डब्यांवरच्या रंगीत खुणा वाचून इमारतीप्रमाणे पुन्हा लावतात. गाडीत ते चढले होते स्टेशनांप्रमाणे, इथे उतरून ते पत्त्यांप्रमाणे होतात. तक्त्यात त्या जागी एक छोटा चौकोन नक्की काढा.

आणि ‘रिटर्न’ची एक खूण. संध्याकाळी बसायला जागा मिळावी म्हणून मरीन लाइन्स, चर्नी रोडचे लोक उलटे चर्चगेटला येतात आणि त्याच गाडीत बसून राहतात. असं करायचं तर तिकीट किंवा पास चर्चगेटपर्यंतचा हवा, निघालो त्या स्टेशनपासूनचा पुरत नाही. एसी लोकलला साधा पास चालत नाही. आणि गाडी पुढे कुठे जाणार हे आत बसून लगेच कळेलच असं नाही. फलाटावरच्या इंडिकेटरवर नजर टाकूनच बसा, नाहीतर विरारचं समजून बसाल आणि ती निघेल बोरिवलीची.

---

जुनीमुंबई

गिरगावची_चाळ यांच्या नावांच्या माहितीला धरून एक दुरुस्ती, मुलांच्या पुस्तकात नेहमी चुकते ती. १८६७ ची पहिली उपनगरी गाडी ‘विरार ते चर्चगेट’ नव्हती. तेव्हा चर्चगेट स्टेशन नव्हतंच, ते तीन वर्षांनी आलं. गाडी बॅकबेपर्यंत होती. आणि पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर अंतरं आज चर्चगेटपासून मोजली जातात. दादर १०, अंधेरी २२, बोरिवली ३४, विरार ६०, डहाणू रोड १२४ किलोमीटर. रुळाकडेच्या ओव्हरहेड वायरच्या खांबांवर किलोमीटरचे आकडे लिहिलेले दिसतात, त्यांचं शून्य इथलं. मधलं स्टेशन होतं ते मोजमापाचा आरंभ झालं.

---

नकाशावेडी

कच्चं रेखाटन झालं. चार रूळ, दोन कात्र्या (स्लोची एक, फास्टची एक), मध्ये दोन जोड्यांना जोडणारे सांधे, दक्षिणेला हॉल, कुलाब्याकडे तुटक रेघ. प्रमाण काय घेऊ? कागद ७० सेंटिमीटर लांब आहे.

---

सांधेवाला

१ : १००० घ्या. एक सेंटिमीटरला दहा मीटर. १५ डब्यांची गाडी ३२ सेंटिमीटर, १२ डब्यांची साडेपंचवीस, एक डबा दोन सेंटिमीटरच्या थोडा वर. रुंदीला मात्र हे प्रमाण पाळू नका. डबा ३.६६ मीटर रुंद असतो, तो जेमतेम साडेतीन मिलिमीटर येईल आणि रुळांमधलं १,६७६ मिलिमीटरचं अंतर दीड मिलिमीटर. दोन रेघा एकमेकींत मिसळतील आणि कात्री दिसणारच नाही. आडवं प्रमाण तिप्पट-चौपट करा आणि तसं कोपऱ्यात लिहा.

कात्र्यांवर चार हालचाली चार रंगांनी बाणांनी दाखवा. सरळ दोन हिरव्या, तिरक्या दोन लाल. मग पुठ्ठ्याच्या साडेपंचवीस सेंटिमीटरच्या चार पट्ट्या कापून मुलांना गाड्या म्हणून द्या आणि एक नियम सांगा: दोन लाल बाण एकाच वेळी वापरायचे नाहीत. एकाला २ वरची पट्टी मुद्दाम उशिरा काढायला सांगा, मागच्या पट्ट्या कशा साचतात ते त्यांनाच दिसेल.

मरीन लाइन्स या प्रमाणात १ मीटर ३० सेंटिमीटरवर येईल, म्हणजे कागदाबाहेर. उत्तरेच्या कडेला बाण काढून ‘मरीन लाइन्स १.३ कि.मी.’ लिहिलं की झालं.